पायरव

आमच्या घराच्या मधोमध फळ्यांचं एक झाकण होतं.
ते उचललं की खाली नदी दिसायची नाही,
मासेच दिसायचे.
नदी त्यांच्या मधल्या फटींत कुठंतरी असणार.

चाउ डोकला घरं अशीच :
वर माणसं, खाली जाळीचा पिंजरा,
पिपांवर तरंगणारा संसार.
माझ्या जन्माचं साल बाबा असं सांगत :
"त्या वर्षी चाळीस हजार पिल्लं सोडली, आणि ही एक."

आमच्याकडे थोरल्या मुलाला 'दुसरा' म्हणतात.
पहिला म्हटलं तर कुणीतरी वरून ऐकतं, म्हणे.
माझा भाऊ दुसरा, मी तिसरी.
माशांना आकडा नव्हता.
वजन होतं, तेही सगळ्यांचं मिळून.

संध्याकाळी आई कोंडा आणि बारीक मासळी
वल्ह्यानं ढवळत शिजवायची.
कढईपासून झाकणापर्यंत अकरा पावलं,
डावा पाय जरा ओढत.
सातव्या पावलाला खालचं पाणी उकळायला लागायचं.
माझ्या पावलांना मात्र कुणी हलायचं नाही.
मला त्याचा राग यायचा.

मग भाव पडला.
कारखान्याचा खिएम फोन उचलेना,
कोंडेवाला उधारीवर पोतं देईना.
खाणं दिवसाआड,
मग चार दिवसांनी, तेही पातळ.
विकता येईनात. सोडता येईनात.
मोठे होते ते मधे राहिले,
लहान कडेला, जाळीवर थोबाडं घासत,
थोबाडं पांढरी पडेपर्यंत.
बळी तो कान पिळी, पण माशाला पिळण्याजोगा कान कुठला,
म्हणून शेपटी.
झाकणातून बघितलं तर शेपट्या
दात पडलेल्या फणीसारख्या.

लाँग सुएनहून मत्स्यखात्याची बाई आली, तुयेत नावाची.
तिनं तीन मासे उचलले, सुईनं रक्त काढलं,
यंत्रात थेंब घातला.
म्हणाली, "साखर चढलीय.
पळायच्या बेतात असलेल्याची चढते, तशी."
भावानं विचारलं, "पळून जाणार कुठं?"
ती जाळीकडे बघत राहिली,
मग वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत बसली.

तोवर त्यांना पावलं ओळखता येईनाशी झाली होती.
कुणाचंही पाऊल वाजलं, वाटी पडली,
मांजरानं उडी मारली
की सगळे वर,
एकमेकांना खरवडत, एकमेकांच्या पाठीवर,
आणि काही न मिळता परत खाली.
आईनं जुन्या चटया अंथरल्या. म्हणाली,
"पाय वाजवायचे नाहीत."
बाबा उशीत तोंड खुपसून खोकायचे.
एकोणीस दिवस आम्ही आमच्याच घरात
चोरासारखे चवड्यांवर चाललो,
जेवायला शेजारच्या होडीत जाऊन बसलो.

एका रात्री मी उठले.
चटई बाजूला सारली.
कढईपाशी गेले आणि तिथून निघाले
टाचा आपटत,
डावा पाय ओढत, थेट आईसारखी.
चार. पाच. सहा.
सातव्याला पाणी उकळलं.
मी झाकण उचललं.

एवढी तोंडं माझ्याकडे कधीच वळली नव्हती.
उघडत होती, मिटत होती,
आणि माझ्या हातात काही नव्हतं.
झाकण ठेवतानाही आवाज झाला.
ते पुन्हा आले.

हे मी कुणाला सांगितलं नाही.

शेवटी खिएमचाच फोन आला,
निम्म्या भावात, होडी परवा.
"आधी दोन दिवस उपाशी ठेवा,
आतडी साफ हवीत."
आई हसली. त्या महिन्यात पहिल्यांदाच,
आणि बराच वेळ थांबेचना.

आता आम्ही जमिनीवर राहतो.
सिमेंटची फरशी, खाली नुसती माती.
ताट घेऊन येताना आई सातव्या पावलाला
किंचित थांबते.
मी विचारत नाही.